बोट कापण्याआधी पायातला आवाज ऐकला का?

मंडळी, आजची पोस्ट राजकारणावर नाही. नगरपरिषदेच्या पाण्यावरची पोस्ट अर्धी लिहून ठेवली आहे, ती परवा टाकतो. आज पायावर लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझे थोरले चुलते. आम्ही घरातले सगळे त्यांना आण्णाच म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबून त्यांनी घर चालवलं. शुगर निघाली त्याला चौदा वर्षं झाली. गोळ्या चालू, पण बिडी काही सुटली नव्हती. दोन-तीन वर्षांपासून घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाताना ते मध्ये पानटपरीपाशी थांबायचे. पोटरी भरून यायची, दुखायची. दोन मिनिटं उभं राहिलं की थांबायचं, मग पुढं चालायचे. आम्ही काय म्हणायचो? "वय झालं आण्णा, आता एवढं तर होणारच."

आमच्या भागात कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायची रीत आहे. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर. रात्रभर रस्ता माणसांनी फुललेला असतो. आण्णांचा नवस होता, अनवाणी गेले. सगळा रस्ता चालवला नाही, अर्ध्यातून वाहनाने आणावं लागलं. घरी आल्यावर उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड दिसला. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असं आम्ही धरलं.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या घरात बघितली असेल. गल्लीतल्या डॉक्टरकडे तीन आठवडे ड्रेसिंग. बोट काळं पडलं. मग एका दवाखान्यात नेलं, तिथं बोट काढलं. टाके घातलेली जागा भरेना. महिन्याभरात शेजारचं बोट काळं. मग सोलापूरला पायाच्या रक्तवाहिन्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल उलटी-पालटी चाळली. शुगरचे रिपोर्ट होते, एक्स-रे होता, ईसीजी होता, भुलीच्या आधीच्या सगळ्या तपासण्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बोट काढण्याआधी पायाचा डॉपलर केला होता का?"

केला नव्हता. कुणी सांगितलाच नव्हता, आणि आम्हाला माहीतही नव्हतं.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कारण हा एका दवाखान्याचा मुद्दा नाही. त्यानंतर या विषयावर मी तालुक्यातल्या आठ-दहा घरांत जाऊन बसलो, ज्यांच्या घरात कुणाचं ना कुणाचं बोट किंवा पाय गेलाय. फाइली बघितल्या. बहुतेक ठिकाणी तेच. कापण्याचा कागद आहे, कापण्याआधी पायात रक्त पोहोचतंय का हे बघितल्याचा कागद नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पायावर सुरी चालवण्याआधी त्या पायात रक्त किती जातंय हे मोजलंच पाहिजे, आणि ते मोजायची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असलीच पाहिजे. ही मोठी मागणी नाही. का नाही, ते सांगतो.

त्या दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांनी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. आण्णांना दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं. मग जाडजूड पेनाएवढी एक वस्तू काढली, वायरने छोट्या डबीला जोडलेली. पावलावर चमचाभर जेल लावलं आणि पेन तिरकं टेकवलं. डबीतून आवाज येऊ लागला. आधी चांगल्या पायाला लावलं. दर ठोक्याला 'हुश्श-हुश्श' असा दुहेरी आवाज. मग उजव्या पायाला. घोट्याच्या आतल्या बाजूला एकच मंद आवाज, लांबून वारा आल्यासारखा. पावलाच्या वरच्या बाजूला पेन सरकवत गेले, सरकवत गेले. काहीच नाही. नुसती खरखर. खोलीत आम्ही चौघं होतो, कुणी बोललं नाही. कुणी समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

यामागचं तत्त्व सोपं आहे. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा हॉर्न बारीक, चढा ऐकू येतो आणि ती आपल्याला ओलांडून गेली की तोच हॉर्न जाड होतो. आवाज करणारी वस्तू हलत असली की आवाजाची पट्टी बदलते. हे १८४२ साली ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं. हे पेन आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज पायात सोडतं. तो धावत्या रक्तातल्या पेशींवर आपटून परत येतो. रक्त धावत असेल तर पट्टी बदललेली असते आणि तेवढाच फरक डबी आपल्याला ऐकवते. रक्त थांबलेलं असेल तर ऐकवायला काही नसतं. सुई नाही, रेडिएशन नाही, भूल नाही, दुखणं नाही.

पुढची पायरी आकड्याची. बीपी बघायचा पट्टा आधी दोन्ही दंडांना बांधतात, मग दोन्ही घोट्यांच्या वर. पट्टा फुगवला की पेनातला आवाज बंद होतो. हळूहळू हवा सोडायची. ज्या आकड्याला आवाज परत येतो तो त्या जागेचा वरचा बीपी. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. समजा दंडाला १४० आणि घोट्याला ८४ आला, तर ८४ भागिले १४० म्हणजे ०.६. याला डॉक्टर लोक एबीआय म्हणतात. १ ते १.४ म्हणजे ठीक. ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमन्यांत अडथळा आहे. ०.४ च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. आण्णांचा उजव्या पायाचा आकडा ०.३८ होता.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण ती मलाही नवीन होती. आकडा १.४ च्या वर आला म्हणून खूश व्हायचं नाही. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये आणि किडनीच्या आजारात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती कडक होते, पट्ट्याने दाबलीच जात नाही. मग आकडा खोटा चढतो. कधी कधी तर अडथळा असूनही आकडा ठीकठाक दिसतो. अशा वेळी अंगठ्याचा बीपी घेतात, पेनातला आवाज नीट ऐकतात किंवा कलर डॉपलर करतात. म्हणजे हे पेन चालवणाऱ्याला थोडं शिकवावं लागतं. पण शिकवावं लागतं एवढंच, त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही.

आता कलर डॉपलर. तो सोनोग्राफीच्या मोठ्या मशीनवर होतो. त्यात धमनीचं चित्र दिसतं, अडथळा नेमका मांडीत आहे, गुडघ्यामागे आहे की पोटरीत, हे कळतं. आण्णांचं झाल्यावर मी माझ्या आईचा करून घ्यायचं ठरवलं, तिलाही शुगर आहे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दोन्ही पायांचा डॉपलर'. सेंटरवर केला, अडीच हजार रुपये दिले, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "हा शिरांचा केलाय, मला धमन्यांचा पाहिजे होता." शिरा रक्त परत नेतात. त्या फुगल्या का, त्यात गाठ झाली का, हे बघायचा डॉपलर वेगळा. धमन्या पायाकडे रक्त आणतात, त्यांचा वेगळा. आम्ही अडीच हजार देऊन चुकीच्या रस्त्याची पाहणी करून आलो होतो. तेव्हा चिठ्ठी हातात घेतली की विचारा, "डॉक्टर, धमनीचा की शिरेचा?"

यात आपल्या भाषेचाही थोडा घोटाळा आहे. आपल्याकडे सगळ्याला 'नस'च म्हणतात. कंबरेत नस दबली, पायाची नस ब्लॉक झाली, नस फुगली, नस कमजोर झाली. पहिली मज्जातंतूची गोष्ट, दुसरी धमनीची, तिसरी शिरेची, चौथी कशाचीही असू शकते. गावात शिबिर होतं, पायाला मशीन लावून 'नस तपासणी' होते. ते मशीन पुष्कळदा कंप जाणवतो का ते बघणारं असतं, म्हणजे संवेदना तपासणारं. ती तपासणी चांगलीच आहे, पण त्यातून रक्ताचं काही कळत नाही. माणूस घरी येऊन सांगतो, "माझ्या नसा चेक झाल्या, सगळं ओके आहे." आणि पोटरीतली धमनी मात्र बंद होत आलेली असते.

शुगरवाल्या माणसावर दोन संकटं एकदम येतात. संवेदना गेल्यामुळं जखम कळत नाही आणि रक्त कमी झाल्यामुळं जखम भरत नाही. आण्णांचा फोड दुखला असता तर त्याच रात्री त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तो दुखला नाही, हीच खरी धोक्याची खूण होती, आणि आम्ही तिलाच दिलासा समजलो.

मग प्रश्न येतो, ही सोय तालुक्याला का नाही?

पैसे नाहीत म्हणावं तर ते खरं नाही. हे हातातलं पेन काही हजारांपासून मिळतं. साधारण बऱ्या मोबाइलची किंमत. माणसं नाहीत म्हणावं, तर तेही अर्धंच खरं. प्रसूतीच्या वॉर्डात पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं जे छोटं यंत्र असतं, ते याच जातीचं. जेल लावायचं, पेन तिरकं धरायचं, आवाज शोधायचा. आपल्या सिस्टर हे काम रोज करतात. फरक इतकाच की बाळ खोल असतं म्हणून तिथं दोन-तीन मेगाहर्ट्झचं पेन लागतं आणि पायाच्या धमन्या कातडीच्या जवळ असतात म्हणून आठ मेगाहर्ट्झच्या आसपासचं. बाळाचे ठोके शोधणाऱ्या हाताला घोट्याजवळची धमनी सापडायला किती दिवस लागतील?

काही जण म्हणतात, सोनोग्राफी म्हटलं की कायदा आडवा येतो. गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा. तो का आला हे आपल्या महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. तो कायदा कडकच पाहिजे, त्यात ढिलाई मागणारा मी शेवटचा माणूस. पण हातातलं पेन चित्र दाखवतच नाही. ते फक्त आवाज ऐकवतं. त्यातून मुलगा-मुलगी कळायचा प्रश्नच येत नाही. मोठ्या मशीनची नोंदणी, कागदपत्रं हा वेगळा विषय. पायाची पहिली चाचणी त्या मशीनशिवाय होते, हे आधी समजून घेऊ.

योजना नाहीत असंही नाही. मधुमेह, हृदयरोग, कॅन्सर यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. ग्रामीण रुग्णालयात शुगर-बीपीची ओपीडी आहे, गोळ्या फुकट मिळतात, हे चांगलंच आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, तळपायावर वारंवार जखम होते का, असे प्रश्नसुद्धा आहेत. ते मुख्यतः कुष्ठरोग शोधण्यासाठी आहेत. पण 'हो' असं उत्तर आलं आणि कुष्ठरोग नाही निघाला, तर पुढं काय? मी आमच्या भागातल्या तीन-चार आशाताईंना विचारलं. एक म्हणाली, "दादा, आम्ही टिक करतो. पुढं पाय कोण बघतंय?"

आणि इथंच मला सर्वांत जास्त राग येतो. पाय कापायची वेळ आली, ॲडमिट झालं, तर महात्मा फुले योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. पण ॲडमिट होण्याआधी ओपीडीत करायच्या तपासणीचे पैसे खिशातून. म्हणजे आजार वाढल्यावर सरकार खर्च करणार आणि वाढू नये म्हणून लागणारी दहा-पंधरा मिनिटांची चाचणी मात्र गरिबाने सोलापूरला जाऊन, भाडं भरून, रोजगार बुडवून करायची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं पुढं आलं. त्यातले आपल्या तालुक्याच्या वाट्याला किती येतात, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा, तो सांगेल.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर डॉक्टर मित्र फोन करतील. एक, हाताने नाडी बघणं ही पहिली पायरी आहे आणि ती फुकट आहे. पावलावर आणि घोट्यामागे बोटं ठेवून नाडी लागते का, हे प्रत्येक शुगरच्या पेशंटचं बघायलाच पाहिजे. पण काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, आणि सुजलेल्या पायात बोटाला फसायला होतं. म्हणून शंका आली की पेन हवं. दोन, सरसकट प्रत्येक माणसाचा डॉपलर करा असं माझं म्हणणं नाही. शुगर होऊन दहा वर्षं झालेले, वय झालेले शुगरवाले, बिडी-सिगारेट-तंबाखूवाले, चालताना पोटरी भरून येणारे आणि ज्यांची पायाची जखम पंधरा दिवसांत भरत नाही ते, एवढ्यांची करा. तंबाखूवाल्यांनी तर शुगर नसली तरी ऐकावं. ऐन तिशी-चाळिशीतल्या बिडी ओढणाऱ्यांच्या हातापायांची बोटं काळी पाडणारा बर्जर नावाचा आजार आपल्या देशात भरपूर आहे आणि त्यावर पहिला उपाय तंबाखू पूर्ण बंद करणं हाच आहे.

तीन, आणि हे महत्त्वाचं. अडथळा निघाला म्हणजे लगेच स्टेंट असं नसतं. चालताना थोडं दुखतंय, जखम नाही, अशा बहुतेकांना आधी बिडी बंद, रोज नेमाने चालणं, शुगर-बीपी आटोक्यात आणि डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या व रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, हाच उपचार असतो. उद्या कुणी 'मोफत डॉपलर शिबिर' भरवून रांगेतल्या प्रत्येकाला अँजिओप्लास्टीची तारीख देऊ लागला तर सावध व्हा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. म्हणून तर ही सोय सरकारी दवाखान्यात पाहिजे म्हणतोय. तिथं डॉपलर करणाऱ्याला स्टेंट विकायचा नसतो.

आण्णांचं काय झालं? सोलापूरला धमनी फुग्याने उघडायचा प्रयत्न केला. थोडं रक्त आलं, पण तोवर संसर्ग वरपर्यंत गेला होता. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दोन महिने आधी ते पेन टेकवलं असतं तर पाय नक्की वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण संधी होती." त्या 'संधी होती' या दोन शब्दांसाठी ही एवढी पोस्ट लिहिली.

मी काय केलंय ते सांगतो, म्हणजे नुसतं बोलला असं व्हायला नको. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला लेखी निवेदन दिलंय. तीन मागण्या आहेत. पहिली, शुगर-बीपीच्या ओपीडीसाठी एक हातातलं डॉपलर घ्यावं आणि दोन सिस्टरना ते शिकवावं. दुसरी, आठवड्यातला एक वार 'पाय तपासणी'चा ठरवून बाहेर बोर्ड लावावा. चप्पल काढायची, पाय बघायचा, नाडी बघायची, संवेदना बघायची, शंका आली तर पेन लावायचं. तिसरी, शुगरवाल्या माणसाचं बोट किंवा पाय काढायला पाठवताना एबीआयचा किंवा डॉपलरचा कागद सोबत असल्याशिवाय चिठ्ठी देऊ नये. जीव वाचवायला तातडीने कापावं लागतं, ती गोष्ट वेगळी. खासगी डॉक्टरांनाही हात जोडून विनंती, हा तिसरा नियम तुम्ही स्वतःहून पाळा. कापणं चूक असतं असं मी म्हणत नाही. न मोजता कापणं चूक आहे. कारण रक्तच नसलेल्या ठिकाणी बोट काढलं तर ती जखम भरायला रक्त आणायचं कुठून?

समितीत आपले नगरसेवक आहेत, सदस्य आहेत. त्यातले चार-पाच जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत विषय घेतला की नाही, ते इथंच लिहीन.

तुम्ही काय करायचं? आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या शुगरवाल्या माणसाचे पाय स्वतः बघा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळवा. त्यांना खाली वाकून दिसत नाही, तुम्हाला दिसतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का, रंग वेगळा आहे का, बघा. विचारा, "चालताना मध्ये थांबावं लागतं का?" उत्तर 'हो' असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. आणि यात्रेला, नवसाला अनवाणी जायचं असेल तर देवीला हात जोडून सांगा की चप्पल घालून येतो. आई आहे ती, समजून घेईल.

परवा आण्णांना तपासणीला नेलं होतं. राहिलेल्या डाव्या पायाला पेन लावलं. आकडा ०.८. अगदी चांगला नाही, पण आवाज येत होता. बिडी बंद होऊन पाच महिने झालेत. डॉक्टर जेल पुसायला लागले तसे आण्णा म्हणाले, "साहेब, एकदा परत लावा की. ऐकू द्या जरा."

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा. आणि तुमच्या घरात असं काही झालं असेल, फाइल सापडत असेल, तर मला येऊन भेटा. निवेदनाला जोडायची आहे.